खोटा हार्ट अटॅक घेऊन शहापूर ते मुरबाड

हौशी रंगभूमीवर मी इतक्या वेळा मेलोय की आमच्या मिरजेत लोक रस्त्यात भेटले तरी आधी "बरे आहात ना?" असंच विचारतात. तिसऱ्या अंकात छातीवर हात दाबून कोसळायचं असेल तर दिग्दर्शक डोळे झाकून माझं नाव घेतात. बायको म्हणते, "घरातलं काम सांगितलं की तुम्ही तसंच कोसळता." तिचं सोडा. औषध कंपनीतली फिरतीची नोकरी संपवून मी निवांत घरी बसलो होतो, तेवढ्यात मुंबईहून प्रधानबाईंचा फोन आला. बाई जुन्या ओळखीच्या. त्यांची संस्था हॉस्पिटलं तपासते.

"तुम्हाला मरता येतं ना अजून?" बाईंनी विचारलं.

काम असं होतं. हार्ट अटॅकचा पेशंट दारात आला की त्याला किती लवकर बघतात, दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढतात का, रक्तातली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायची तयारी ठेवतात का, हे मोजायचं. त्यासाठी एक खोटा पेशंट हवा होता. ठाणे जिल्ह्यात शहापूर, किन्हवली आणि मुरबाड इथल्या तीन छोट्या हॉस्पिटलांना संस्थेनं ईसीजीचं मशीन आणि ते महागडं इंजेक्शन पुरवलं होतं. आता निधी आखडला होता आणि तीनपैकी एका ठिकाणचं सगळं उचलून न्यायचं होतं. कोणाचं, ते माझ्या मरण्यावर ठरणार होतं. या महिन्यात खोटा पेशंट येईल एवढंच तिन्ही ठिकाणी कळवलेलं होतं. कोण आणि कधी, ते गुपित. ईसीजी झाला की मी खिशातलं ओळखपत्र दाखवायचं, म्हणजे खरं इंजेक्शन टोचून घ्यायची पाळी यायची नाही.

मी आरशासमोर तालीम केली, घाम दाखवायला गुलाबपाण्याची फुसफुस करणारी बाटली घेतली आणि निघालो.

शहापूर

आसनगावला उतरलो तेव्हा माहुली गडाचे सुळके उन्हात स्वच्छ दिसत होते. भात कापून झालेलं, खाचरं मोकळी, हवेत पेंढ्याचा वास. मी फार खूश झालो. स्टेशनाबाहेर हरेश नावाचा ड्रायव्हर ईको गाडी घेऊन उभा होता. किन्हवलीचा, चाळिशीचा, आणि तोंडाला लगाम म्हणून नाही.

"काका, हार्ट अटॅकवाले तुमीच ना?" त्यानं सगळ्या रिक्षा स्टँडला ऐकू जाईल असं विचारलं.

मी त्याला गाडीत कोंबलं आणि चांगलं झापलं. अरे, गुपित आहे हे! तो म्हणाला, "तुमी टेन्शन नाय घ्यायचा. मी कोनाला बोललो नाय. फक्त घरी बोललो. आनी सासुरवाडीला." सासुरवाडी कुठे, तर धसईला. म्हणजे शहापूरपासून मुरबाडपर्यंतचा सगळा रस्ता त्यानं दोन्ही टोकांनी बांधून टाकला होता. कपाळावर हात मारून घ्यायचा तेवढा राहिला.

थोडं पुढे गेल्यावर तो आपणहून म्हणाला, "एक सांगू का काका? मुरबाडची मशीन नका उचलू. वैशाखऱ्याच्या तिकडची, घाटाखालच्या वाड्यांतली मानसा मुरबाडपर्यंत कशीतरी येतात. कल्यानपर्यंत नाय पोचत. मशीन नव्हती तवा माझा चुलता मुरबाडच्या पुढं रस्त्यातच गेला." मी म्हटलं, "बाबा रे, मी काही उचलत नाही. जे असेल ते मोजतो." पण तो मागच्या आरशातून माझ्याकडे बघत राहिला आणि मला उगाचच अवघडल्यासारखं झालं. प्रधानबाईंनीही निघताना सांगितलं होतं की मुरबाडला पेशंट सगळ्यात कमी, त्यामुळे नाव तिथलंच पुढे आहे.

शहापूरच्या हॉस्पिटलात मी बाहेरच्या बाकावर टेकलो. आधी जरा माणसं बघून घ्यावीत, मग हळूच छातीत कळ आणावी, असा बेत होता. शेजारी खोकणारे एक आजोबा.

"कुठून आलाव?"

"इथलाच," मी म्हटलं.

"इथला कुठला?"

"हा... पलीकडचा."

"पलीकडं तं म्हशींचा गोठा हाय."

आजोबांनी मला पायातल्या बुटांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि घसा खाकरून जाहीर केलं, "ओ, पावने हाईत! लांबून आलेत! सोडा रे त्यांना पुढं!"

झालं. अख्खी रांग फाटली. कडेवर पोर घेतलेली बाई बाजूला सरली, हाताला फडकं बांधलेला एक जण उठून उभा राहिला. मी "अहो नको, मी थांबतो" म्हणतोय तर दोघांनी मला काखेत धरून आत नेऊन बसवलं. मी छातीवर हात ठेवायच्या आधी डॉक्टर समोर होते आणि नीट "आई गं" म्हणायच्या आधी ईसीजी निघालासुद्धा! मी घड्याळाकडे बघितलं. या वेळेला काही अर्थच नव्हता. मला हॉस्पिटलानं पटकन बघितलं नव्हतं, रांगेनं ढकललं होतं.

आमच्या मिरजेत गल्लोगल्ली हॉस्पिटलं आहेत. तिथे रांगेत कोणी "फक्त एकच विचारायचंय" म्हणून पुढे घुसला तर बाकीचे त्याच्यावरच ॲडमिट व्हायची वेळ आणतील. इथे उलटंच. परका दिसला की त्याला पुढे काढायचा, तापानं फणफणलेला माणूससुद्धा बाजूला होणार. ऐकायला किती गोड! पण माझ्या मोजमापाची पार वाट लागली. साध्या पेशंटला इथे किती थांबावं लागतं, हे मला कळणार कसं? मी साधा पेशंट होऊच शकत नव्हतो.

किन्हवली

दुसऱ्या दिवशी मी वेषांतर केलं. हरेशचा पायजमा, त्याच्या वडिलांची पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल. हरेश म्हणाला, "एकदम आमच्यातले दिसताव." त्याच्या बायकोनं मात्र पदर तोंडाला लावला आणि आत जाऊन हसली. पायजमा आखूड होता, त्यात हसण्यासारखं काय?

या वेळी बोलायचंच नाही असं ठरवलं. बोललं की पाहुणेपण उघडं पडतं. हॉस्पिटलच्या पायरीवर गेलो, गुलाबपाणी मारलं, डोळे फिरवले आणि कोसळलो. खोटं कशाला बोलू, आयुष्यातला सर्वोत्तम प्रयोग झाला. बायका किंचाळल्या. मला वाटलं, जिंकलो.

पण मला उचलण्याऐवजी माझ्याभोवती चर्चा सुरू झाली.

"कोन रं हा?"

"आपल्यातला नाय."

"मंग कोनाचा पावना?"

ही मंडळी म्हणजे कमाल. माणूस पडलाय, ठीक आहे, पण तो कोणाकडे आलेला पाहुणा हे आधी ठरायला हवं. एक बाई म्हणाली, आमच्या शेजाऱ्यांकडे लग्नाची बोलणी करायला कोणी येणार होतं, तेच असतील. दुसरी म्हणाली, छे गो, हे तं आमच्या मास्तरांचे मेव्हणे, टोपी वळखली मी. टोपी हरेशच्या वडिलांची! दोघींची जुंपली. तेवढ्यात दोघा गड्यांनी मला उचलून खाटेवर टाकलं. सिस्टर मशीन घेऊन आली, हे मी अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी पाहिलं. आणि समोरच्या टपरीवाल्यानं तिच्या आधी माझ्या ओठांना चहाचा पेला लावला.

"पावन्याला कोरडा कसा ठेवनार?" तो म्हणाला.

सिस्टरही त्याच गावची. ती तारा हातात धरून म्हणाली, "दोन घोट घेऊन घ्या बाबा, मंग काढते." आता सांगा, हार्ट अटॅक आलेल्या माणसानं चहा प्यावा का? मी मान हलवली, तर त्यांना वाटलं साखर कमी पडली. शेवटी मी पडल्यापडल्या चहा प्यायलो. आल्याचा, फर्मास होता. मग ईसीजी निघाला. वेळेत निघाला खरा, पण चहाचा वेळ धरायचा की वजा करायचा?

प्रधानबाईंना फोन केला. त्या तडकल्या. "तुम्ही तिथे पाहुणचार घ्यायला गेलाय की तपासायला?" म्हणाल्या. "मुरबाड तरी नीट करा. तिथे दहा मिनिटांत ईसीजी निघाला नाही तर सरळ नापास. मग मशीन आणि इंजेक्शन उचलायचं."

मी हे हरेशला सांगायला नको होतं. तिसऱ्या दिवशी मुरबाडला निघालो, तर तो काळू नदीच्या पुलापर्यंत एक शब्द बोलला नाही. हरेश गप्प बसलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

धसई

धसईचा बाजार बघण्यासारखा आहे. तांदळाची पोती, कोवळी भेंडी, काकड्या, सुकटीचा वास, आणि मधूनच मुरबाडची एसटी सगळ्यांना हॉर्न देत वाट काढत जाते. एका म्हातारीनं मला मूठभर तांदूळ हातावर देऊन हुंगायला लावले. मी हुंगले. तिनं विचारलं, "तुमीच का वो ते खोटे मरनारे?" मी हरेशकडे बघितलं. तो भेंडी निवडायला लागला.

जेवण त्याच्या सासुरवाडीला. पाहुणा म्हटल्यावर तिथेही तेच. पहिली भाकरी मला, रश्शातला पहिला तुकडा मला. तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या, गावठी कोंबडी, मिरचीचा ठेचा आणि वालाचं बिरडं. बिरड्यावर तर माझा जीवच जडला. आमच्याकडे वाल म्हणजे कधीतरी, इथे वाढपी हात आखडायला तयार नाही. "नको" म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, "आवडला नाय वाटतं." अन्नाला नको म्हणायचं नाही असं आमच्या आईनं शिकवलेलं. मी किती खाल्लं ते बायकोला कळू नये, एवढीच देवाकडे प्रार्थना.

मुरबाड

सरळगाव मागे पडलं आणि माझ्या छातीत कळ आली.

खरी! अगदी मधोमध, जळजळीत, वर गळ्यापर्यंत चढणारी. घाम फुटला, गुलाबपाण्याशिवाय. मी हरेशचा खांदा धरला. "हरेश, दुखतंय रे. खरंच दुखतंय."

"वा काका!" तो म्हणाला. "आजचा कालच्यापेक्षा भारी जमलाय. पन आत्ता नको, हॉस्पिटलला पोचल्यावर करा."

"अरे गाढवा, खरंच!"

"हा, आसाच बोला तिकडं."

त्या रस्त्यावर माझी काय अवस्था झाली ते कोणाला सांगू? चाळीस नाटकांत खोटा मेलो, आता खरा मरणार आणि समोरचा माणूस टाळ्या वाजवणार. बायको डोळ्यांसमोर आली. तिला न सांगता खाल्लेलं बिरडंही आलं. मी मनातल्या मनात तिची माफी मागितली आणि रामरक्षा म्हणायला घेतली, तर तीही मध्येच विसरलो.

मुरबाडचं हॉस्पिटल म्हणजे एक बैठी इमारत, चार खाटा, एक सिस्टर, आणि डॉक्टर भोईर मॅडम. पस्तिशीच्या असतील, केसांचा घट्ट अंबाडा, बोलणं तोडून टाकल्यासारखं. हरेशनं मला धरून आत आणलं. रांगेतले लोक लगेच उठले. "पावने आले! सोडा रे!" बातमी इथेही आधीच पोचलेली होती. मला खाटेवर झोपवलं, सिस्टरनं धावत मशीन आणलं, शर्टाची बटणं काढली. बायाबापड्या दारात गोळा झाल्या. त्यांना माहीत होतं की आज मॅडमची परीक्षा आहे आणि नापास झाल्या तर ते इंजेक्शन जाणार आहे. एक जण हळूच म्हणाला, "मॅडम, बिगी बिगी करा."

मॅडमनी माझी नाडी धरली, डोळ्यांत बघितलं, हाताला हात लावला. "कुठे दुखतंय?"

"इथे. खरंच दुखतंय हो मॅडम, नाटक नाही, आईशप्पथ!"

दारातून कौतुकाचा सुस्कारा आला.

सिस्टर माझ्या छातीला तारा लावणार, एवढ्यात बाहेर जीप थांबली. वैशाखऱ्याच्या वरच्या ठाकरवाडीतून एका आजीला आणलं होतं. नाव आंबीबाय. लुगडं घामानं भिजलेलं, चेहरा राखेसारखा, ओठ कोरडे. छातीत दुखतंय असं ती म्हणत नव्हतीच. "प्वाटात कालवतंय नुसता. सकाळधरना वांती व्हतेय," एवढंच. सोबतच्या बाईनं सांगितलं, ग्यास झालाय, सोडा पाजलाय, पण उतरत नाही.

मॅडमनी एकदाच तिच्याकडे बघितलं आणि सिस्टरला म्हणाल्या, "मशीन तिकडे घे."

"पन मॅडम," सिस्टर कुजबुजली, "ह्यांचा टाइम चालू झालाय."

"ऐकलं नाहीस? तिकडे घे."

मी ताडकन उठून बसलो. "अहो, मी मरतोय इथे!"

मॅडम माझ्याकडे वळल्या. "काका, ढेकर येतायत का?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि जो ढेकर आला तो दारातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचला. वालाचा.

"पडून राहा. हरेश, यांच्याजवळ उभा राहा, जरा जास्त वाटलं की मला हाक मार," त्या म्हणाल्या. "आणि परीक्षा असेल तर नापास करा मला. मला आत्ता वेळ नाही."

मी संतापानं लाल झालो. खरंच सांगतो, त्या क्षणी मला ती बाई अजिबात आवडली नाही. मी घड्याळ काढलं. नापास तर नापास, अगदी मिनिटामिनिटानं नापास करतो, अशा इरेला पेटून मी पडल्यापडल्या बघायला लागलो.

आता गंमत बघा. शेजारच्या खाटेवर आंबीबायच तयार होईना. सिस्टर तारा लावायला गेली की ती हात धरून बाजूला करायची. श्वास लागलेला, तरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणत होती, "त्या बाबाला आदी बग गो. पावना हाय त्यो. किती वराडतोय बिचारा. मी वाडीतलीच हाय, मी थांबन."

दारातले लोकही म्हणाले, "खरा हाय मॅडम. पावन्याला आदी घ्यावा. परीक्षा पन व्हईल."

"पाहुणा थांबेल!" मॅडम असा काही ओरडल्या की मीसुद्धा गपकन आडवा झालो. "पाहुणा थांबेल, गाव थांबेल, परीक्षा थांबेल. आजी, हात खाली ठेव."

आजीनं हात खाली ठेवला. मशीनमधून कागद सरकत आला. मॅडमनी तो उजेडात धरला आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. मी औषधं विकण्यात जन्म घालवला, डॉक्टरांचे चेहरे वाचणं हा माझा धंदाच होता. ग्यास नव्हता. हार्ट अटॅक होता, चांगला मोठा. मॅडमनी आजीला गोळी चावायला लावली, कागदाचा फोटो कल्याणच्या हार्टच्या डॉक्टरांना पाठवला, त्यांच्याशी फोनवर बोलल्या, फ्रीजमधून ते इंजेक्शन काढून टोचलं. सगळं भरभर, पण एकदाही हात गडबडला नाही. सिस्टरला दम भरत होत्या आणि दुसऱ्या हातानं आजीचं कपाळ पुसत होत्या. माझी कळ कधी उतरली ते मला कळलंच नाही.

बऱ्याच वेळानं आजीच्या तोंडावर जरा रंग आला. "कालवायचा थांबला गो," ती म्हणाली. मॅडमनी स्टूल ओढलं आणि मटकन बसल्या. मग सिस्टरनं माझा ईसीजी काढला. तो इतका निरोगी होता की मलाच अपमान झाल्यासारखं वाटलं. मी ओळखपत्र दाखवलं. सिस्टर म्हणाली, "ते काय दाखवताव, सगळ्यांना ठाव हाय."

आजीला पुढच्या तपासणीला कल्याणला नेणारी ॲम्ब्युलन्स आली. स्ट्रेचर माझ्या खाटेजवळून जाताना तिनं थांबायला लावलं आणि माझा हात धरला. हात गार होता, पण पकड घट्ट.

"बाबा, रागावू नको आमच्या मॅडमवर. तुला आदी घ्याया पायजे व्हता. चूक झाली. मशीन नका नेऊ तेवढ्यासाठी."

मरता मरता वाचलेली बाई माझी माफी मागत होती. मी म्हटलं, "आजी, नाही रागावलो. तुम्ही बऱ्या होऊन या." ॲम्ब्युलन्स गेली आणि मी तिथेच डोळे पुसले. हरेश बघत होता. बघेना का!

मॅडम हात धुऊन आल्या. "लिहा आता," त्या म्हणाल्या. आवाज थकलेला होता. "दहा मिनिटं केव्हाच उलटून गेली. माझ्याच हातानं घालवली, मला माहीत आहे. फक्त इंजेक्शन नेण्याआधी पंधरा दिवस सांगा, वाड्यांमध्ये निरोप द्यावा लागेल."

मी प्रधानबाईंना तिथूनच फोन लावला. मॅडमसमोरच.

"निघाला का ईसीजी दहा मिनिटांत?" बाईंनी विचारलं.

"माझा नाही."

"मग नापास."

"बाई, माझं ऐकून घ्या," मी म्हणालो. "शहापूरला मला रांगेनं पुढे ढकललं, किन्हवलीला चहा पाजला. तिथली माणसं लाख चांगली आहेत, पण तिथे साध्या पेशंटचं काय होतं ते मला अजून माहीत नाही. मुरबाडला मी बघितलं. इथे आलेली एक ठाकरवाडीतली म्हातारी धड छातीत दुखतंय असंही म्हणाली नाही, तरी तिचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघाला. पुढचं सगळंही माझ्या डोळ्यांदेखत वेळेत झालं. घड्याळ माझ्या हातात होतं, आणि सांगतो तुम्हाला, मी ते यांना नापास करायलाच धरलं होतं."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "मग खोट्या पेशंटच्या रकान्यात काय लिहू? तो रिकामा नाही ठेवता येत."

मी मॅडमकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, जिकडे ॲम्ब्युलन्स गेली तिकडे.

"लिहा," मी म्हटलं. "पाहुण्याला थांबवलं."